ही कल्हई पुन्हा लागत नाही – जुन्या अ‍ॅल्युमिनियम ट्रेलरच्या पत्र्याची निगा



यंदाच्या उन्हाळी सहलीत आमचा जुना एअरस्ट्रीम ट्रेलर बघायला बरीच गर्दी झाली. मुलांनी आत शिरून बिछान्यांचा ताबा घेतला, मोठ्यांनी बाहेरून हात फिरवला, आणि प्रश्न मात्र जवळपास सगळ्यांनी एकच विचारला: "डावी बाजू आरशासारखी आणि उजवी अशी निस्तेज का? काम अर्धवट का सोडलंत?"

तिथे भेळ खाता खाता नीट उत्तर देता आले नाही. त्यातच कळले, की मंडळातल्या आणखी एका कुटुंबाने असाच एक जुना ट्रेलर घेतला आहे आणि पुढच्या शनिवारी भाड्याने सँडर आणून तो 'साफ' करायचा बेत आहे. त्यांना आम्ही घरी आल्याबरोबर फोन केला. फोनवर जे सांगितले तेच इथे जरा सविस्तर मांडतो आहोत. आमच्या ओहायोत, आणि एकूणच अमेरिकेत, असे ट्रेलर लोकांच्या अंगणात, कोठारात अजून बरेच पडून आहेत. आपल्यापैकी कुणाला कधी एखादा मिळाला, तर पहिल्या शनिवारी काय करू नये एवढे तरी ठाऊक असावे, हा या लेखाचा हेतू.

हा ट्रेलर म्हणजे नेमके काय?

गाडीमागे जोडून न्यायचे, आत बिछाना, शेगडी, मोरी असलेले छोटे घर म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. त्यातला सर्वांत ओळखीचा चेहरा एअरस्ट्रीमचा. वॅली बायम या गृहस्थांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये ट्रेलर बनवायला घेतले आणि १९३६ साली 'क्लिपर' नावाचा अ‍ॅल्युमिनियमचा, रिव्हेट मारलेला, गोलाकार ट्रेलर बाजारात आणला. त्याची बांधणी विमानाच्या धडासारखी होती. १९५२ साली कंपनीने आमच्या ओहायोत, डेटनच्या उत्तरेला जॅक्सन सेंटर या छोट्या गावी कारखाना काढला. तो कारखाना आजही तिथेच आहे आणि पाहुण्यांना आतून दाखवतात. जरूर जाऊन या. १९६९ साली चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या तीन अंतराळवीरांना ज्या बंद खोलीत वेगळे ठेवले होते, तीही एअरस्ट्रीमचा ट्रेलर बदलूनच केलेली होती.

आमचा ट्रेलर १९६६ चा, २२ फुटी, 'सफारी' नावाचा. या लेखात मुख्यतः त्या काळातल्या एअरस्ट्रीमच्या बाहेरच्या पत्र्याविषयीच लिहिले आहे. बाकी बनावटीच्या ट्रेलरविषयी पुढे दोन शब्द आहेतच.

पत्र्याच्या पोटात काय असते?

आपल्या घरी आजीच्या काळी पितळेची, तांब्याची भांडी असत. दारात कल्हईवाला यायचा, भाता लावायचा, नवसागर टाकून भांडे तापवायचा आणि कथलाचा पातळ थर आतून फिरवायचा. भांडे पितळेचेच, पण अन्नाला लागायचे ते कथील. कल्हई उडाली की ताक, आमटी कळकायची, आणि पुन्हा कल्हईवाल्याची वाट बघायची.

जुन्या एअरस्ट्रीमचा पत्रा अगदी याच तत्त्वावर बनलेला आहे. त्याला 'अल्क्लॅड' म्हणतात. १९२० च्या दशकात विमानांसाठी हा शोध लागला. पोटात २०२४ या क्रमांकाचा मिश्रधातू असतो. त्यात साधारण चार टक्क्यांच्या वर तांबे असते. तांब्यामुळे पत्रा भक्कम होतो, पण त्याच तांब्यामुळे तो लवकर गंजतो, त्याला बारीक बारीक खड्डे पडतात. म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर दाबून बसवलेला असतो. हीच त्याची कल्हई.

आता आकडे बघा. संपूर्ण पत्र्याची जाडी साधारण ०.८ मिलिमीटर. त्यातली एका बाजूची कल्हई साधारण पाच टक्के, म्हणजे ०.०४ मिलिमीटर. आपण प्रिंटरमध्ये घालतो तो साधा कागद ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. म्हणजे अर्ध्या कागदापेक्षाही कमी! ट्रेलरची सगळी चमक आणि गंजापासूनचे सगळे संरक्षण या एवढ्याशा थरात आहे.

हा थर दोन कामे करतो. एक म्हणजे, हवा लागताच शुद्ध अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, घट्ट पापुद्रा आपोआप तयार होतो आणि खालच्या धातूला जपतो. दुसरे म्हणजे, कुठे ओरखडा जाऊन पोटातला धातू उघडा पडला, तरी शेजारचा शुद्ध थर आधी स्वतः झिजतो आणि आतल्याला वाचवतो.

पण पितळेच्या भांड्यात आणि यात एक मोठा फरक आहे. भांड्याला कल्हई पुन्हा लावता येते. ट्रेलरला लावणारा कल्हईवाला अजून जन्माला यायचा आहे! हा थर कारखान्यात पत्रा लाटतानाच बसतो. एकदा घासून गेला की गेला. म्हणून आमच्या घरी आता एक म्हण झाली आहे: धुणे म्हणजे व्याजातला खर्च, पॉलिश म्हणजे मुद्दलातला.

चिंच नको, राख नको, सोडाही नको

आपल्याकडे पितळ चिंचेने घासतात, पातेल्याचे बूड राखेने. अमेरिकेत आल्यावर आपल्यापैकी अनेकांनी भारतातून आणलेली 'जर्मन'ची कढई डिशवॉशरमध्ये टाकून काळी करून घेतली असेल (आमच्याकडे दोन आहेत). त्या काळेपणाचे कारण म्हणजे डिशवॉशरच्या पावडरीतला तीव्र क्षार.

तांबे-पितळ आम्लाने उजळते, म्हणून चिंच चालते. अ‍ॅल्युमिनियमचे तसे नाही. त्याच्यावरचा संरक्षक पापुद्रा तीव्र आम्लातही विरघळतो आणि तीव्र क्षारातही. त्यामुळे चिंच, लिंबू, व्हिनेगर एका बाजूने नको आणि राख, धुण्याचा सोडा, ओव्हन साफ करायचा फवारा, तेलकटपणा काढणारी जालीम द्रावणे दुसऱ्या बाजूने नकोत. गाडीच्या चाकांसाठी मिळणारी बरीच द्रावणेही तीव्र आम्लाची किंवा तीव्र क्षाराची असतात. तीही दूरच ठेवा.

हे आम्ही पुस्तकी ज्ञानावर सांगत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात खिडकीखालच्या काळ्या ओघळांवर आम्ही स्वयंपाकघरातले तेलकट डाग काढायचे द्रावण फवारले आणि चहा घ्यायला आत गेलो. ऊन कडक होते, पत्रा तापलेला होता. पंधरा मिनिटांनी येऊन बघतो तर ओघळ गेले होते, पण त्यांच्या जागी पांढुरके, खरखरीत ओघळ उमटले होते. क्षाराने पत्रा खाल्ला होता. ती खूण आजही उजव्या बाजूला आहे. सहलीत ज्यांनी बोट फिरवून "हे काय?" विचारले, त्यांना हे उत्तर.

सर्वांत आधी: आपला पत्रा कोणता ते ओळखा

हात लावण्याआधी हे ओळखणे अत्यंत महत्त्वाचे आहे. चार प्रकार संभवतात.

१. पारदर्शक लेप असलेला अल्क्लॅड. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून एअरस्ट्रीम कारखान्यातच पत्र्यावर पारदर्शक लेप देऊ लागली. पन्नास-साठ वर्षांनी हा लेप पिवळट होतो, ढलप्या सुटतात, उन्हात जळलेल्या पाठीसारखा दिसतो.

२. उघडा अल्क्लॅड. एक तर मुळातच लेप नव्हता, किंवा आधीच्या मालकाने तो काढून टाकलेला आहे.

३. अ‍ॅनोडाइज केलेला पत्रा. मिशिगनमध्ये बनणाऱ्या जुन्या 'एव्हियन' ट्रेलरचा पत्रा असा असतो. त्यावर कारखान्यात विजेच्या साहाय्याने मुद्दाम जाड ऑक्साइडचा थर वाढवलेला असतो. त्याचा रंग मंद, राखाडी असतो आणि तो तसाच असायला हवा. यावर पॉलिश चालवणे म्हणजे संरक्षण खरवडून काढणे. हा फक्त धुवायचा.

४. रंगवलेला पत्रा. 'शास्ता'सारख्या लाकडी सांगाड्याच्या ट्रेलरना पातळ, रंगवलेला पत्रा असतो. त्याची निगा म्हणजे रंगाची निगा, गाडीसारखी.

पहिला आणि दुसरा प्रकार ओळखायची सोपी परीक्षा अशी: कुठेतरी न दिसणाऱ्या जागी, खालच्या कडेला, मऊ फडक्यावर धातूचे थोडे पॉलिश घेऊन हलक्या हाताने चोळा. फडके लगेच काळे झाले तर धातू उघडा आहे. फडके स्वच्छ राहिले तर वर लेप आहे. एकाच ट्रेलरवर दोन ठिकाणी दोन वेगळी उत्तरे येऊ शकतात, म्हणून तीन-चार जागी बघा.

धुणे: सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचे काम

ट्रेलरच्या आयुष्यात पॉलिशपेक्षा धुण्याने जास्त फरक पडतो. आम्ही महिन्यातून एकदा आणि प्रत्येक प्रवासानंतर धुतो. पद्धत अशी:

सावलीत किंवा ढगाळ दिवशी, पत्रा हाताला गार लागेल तेव्हाच धुवा. तापल्या पत्र्यावर साबण वाळून डाग पडतात. आधी नुसत्या पाण्याने धूळ-वाळू वाहून जाऊ द्या, नाहीतर तीच वाळू फडक्याखाली सापडून पॉलिश पेपरचे काम करते. मग गाडीसाठी मिळणारा सौम्य साबण आणि मऊ फडके किंवा स्पंज. वरून खाली येत या, पण हात मात्र ट्रेलरच्या लांबीच्या दिशेने, पुढून मागे असा फिरवा, गोल गोल नको. गोल ओरखडे कुठल्याही उजेडात दिसतात. पत्र्याच्या रेषेतले ओरखडे लपून जातात. शेवटी भरपूर पाणी, आणि लगेच कोरड्या मऊ कापडाने पुसून घ्या. जुने सुती पंचे याला फार छान!

पक्ष्यांची घाण, किडे, झाडाचा चीक दिसल्या दिवशीच काढा. डांबराच्या ठिपक्यांना फडक्यावर थोडे मिनरल स्पिरिट घेऊन पुसा आणि ती जागा पुन्हा साबणाने धुवा. जोरात पाणी मारणारे प्रेशर वॉशर मात्र वापरू नका. ते पाणी सांध्यांतून, खिडक्यांच्या रबरांतून, रिव्हेटच्या कडेने आत जाते. बाहेरून स्वच्छ आणि आतली प्लायवुडची जमीन कुजलेली, असे ट्रेलर आम्ही पाहिले आहेत. पेट्रोल पंपावरच्या फिरत्या ब्रशांच्या धुलाईत तर कधीच नेऊ नका.

दोऱ्यासारखा गंज

आपण उत्तरेकडच्या राज्यांत राहणारे लोक. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ आणि क्षार टाकतात. हे मीठ आणि दमट हवा मिळाली की लेपाखाली एक विचित्र गंज चालू होतो. पत्र्याच्या कापलेल्या कडेपासून, रिव्हेटच्या डोक्यापासून किंवा एखाद्या ओरखड्यापासून पांढरट, बारीक दोरे निघतात आणि वेडेवाकडे पसरत जातात, जणू एखादी अळी लाकूड पोखरत चालली आहे. हा 'फिलिफॉर्म' गंज. तो बहुधा वरवरचाच राहतो, पत्र्याला भोक पाडत नाही, पण दिसतो वाईट आणि वरचा लेप न काढता मुळापासून जात नाही.

त्यावर उपाय म्हणजे सुरुवातच होऊ न देणे. शक्यतो मीठ टाकलेल्या रस्त्यावर ट्रेलर नेऊ नका. न्यावाच लागला तर घरी आल्यावर खालच्या कडा, दिव्यांच्या चौकटी, रिव्हेटच्या ओळी गोड्या पाण्याने नीट धुवा. वर्षातून एक-दोनदा मेण लावताना कापलेल्या कडांना विशेष हात द्या. विमाने आणि बोटींसाठी गंजरोधक पातळ तेले मिळतात. ती कडांना आणि रिव्हेटना फडक्याने चोपडली तर गंजाचा वेग बराच मंदावतो. समुद्रकिनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना हे सगळे दुप्पट लागू.

लेप सुटू लागला तर?

इथे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे आहे तसा राहू देणे आणि धूत राहणे. दिसायला पिवळट, पण त्याने ट्रेलरचे आयुष्य कमी होते असे नाही. दुसरा रस्ता संपूर्ण लेप काढायचा. अर्धवट काढणे हा रस्ता नाही, कारण उघडा पडलेला भाग वेगळ्या गतीने मंदावतो आणि ठिगळ लावल्यासारखे दिसते.

काढायचा झाला तर फक्त रासायनिक रिमूव्हर, तोही डब्यावर अ‍ॅल्युमिनियमला चालतो असे स्पष्ट छापलेला. कॉस्टिक सोड्याचा तर अजिबात नको, कारण तो लेपाबरोबर पत्राही खाईल. पूर्वी मेथिलीन क्लोराइड असलेले जालीम रिमूव्हर सर्रास मिळत. त्याच्या वाफांनी माणसे दगावल्यामुळे अमेरिकेत २०१९ पासून घरगुती ग्राहकांना रंग काढण्यासाठी ते विकायला बंदी आहे. कोणाच्या गॅरेजमध्ये जुना डबा असेल तर मोह टाळा. सध्या मिळणारे सौम्य रिमूव्हर वेळ जास्त घेतात, पण काम करतात. जाड हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, मोकळी हवा, लहान लहान भाग, प्लास्टिकचीच खरवडणी आणि शेवटी भरपूर पाणी. खिडक्यांची रबरे आणि दिव्यांची प्लास्टिके आधी टेपने झाका.

पॉलिश: करायचेच असेल तर

आरशासारखी चमक कुणाला आवडत नाही? आम्हालाही आवडली, म्हणूनच डावी बाजू केली. पण आधी हे समजून घ्या की पॉलिश म्हणजे बाहेरून काही लावणे नव्हे. वरचा मंद झालेला, बारीक खाचांचा थर खरवडून सपाट करणे म्हणजे पॉलिश. फडक्यावर येणारा काळा रंग हा मळ नसून आपलाच धातू असतो.

एक: सर्वांत सौम्य पेस्टपासून सुरुवात करा. या कामाच्या पेस्ट वेगवेगळ्या भरडपणाच्या मिळतात. विमानांसाठी बनणाऱ्या 'न्यूव्हाइट'च्या पेस्टमध्ये एफ-९ आणि एफ-७ भरड, सी मधली आणि एस सर्वांत बारीक. बरेच लोक थेट भरड पेस्टने सुरू करतात. आधी एक फूट बाय एक फूट जागेवर बारीक पेस्ट चालवून पाहा. तिने काम भागले तर भरडीला हातच लावू नका.

दोन: पहिल्या फेरीला लोकरीच्या पॅडचे, वेग कमी-जास्त करता येणारे बफर वापरतात, तेही कमी वेगावर. दोन फूट बाय दोन फूट जागेवर पेस्टचे मोजके ठिपके लावा आणि मशीन सतत हलते ठेवा. एकाच जागी थांबलात तर पातळ पत्रा तापतो आणि त्याला कायमचा पोक येऊ शकतो. पॅड पत्र्याच्या कडेवर आणि रिव्हेटच्या डोक्यावर अडकू देऊ नका.

तीन: बफरने गोल गोल धूसर खुणा राहतात. त्या काढायला दोन डोक्यांचे 'सायक्लो' पॉलिशर आणि मऊ सुती कापड, सोबत बारीक पेस्ट. आरसा दिसतो तो या फेरीत.

चार: राहिलेला काळा चिकटा मायक्रोफायबरने पुसा, सांध्यांतला मिनरल स्पिरिटने काढा. वापरलेली फडकी ढिगाने कोपऱ्यात टाकू नका, बाहेर मोकळी पसरून वाळवा.

पाच: वरून मेण लावा, किंवा अनुभवी माणसाकडून नवा पारदर्शक लेप देऊन घ्या. मेण लावलेला उघडा पत्रा एक-दोन वर्षांत पुन्हा मंदावतो. त्या वेळी फक्त शेवटची, बारीक पेस्टची फेरी पुरते आणि तिने धातू अगदी थोडा जातो. लेप दिला तर ही कटकट वाचते, पण पुढेमागे लेप खराब झाला की काढण्याचे काम पुन्हा येते.

वेळेचा अंदाज हवा असेल तर आम्हाला पुढचा गोल भाग आणि डावी बाजू करायला एका अख्ख्या उन्हाळ्याचे शनिवार-रविवार लागले. खांदे दुखले ते वेगळेच!

काय करू नये याची यादी लहान आहे, पण पाठ करून ठेवावी अशी. सँडर नाही. वाळूचा मारा नाही. हिरवी खरखरीत घासणी नाही. लोखंडी तारेची घासणी तर मुळीच नाही, तिचे कण पत्र्यात रुतून बसतात आणि मग तिथे तांबूस गंजाचे ठिपके उमटतात.

सांधे, रिव्हेट आणि पाणी

पत्र्याची निगा म्हणजे नुसती चमक नव्हे. पाणी बाहेर ठेवणे हे पत्र्याचे खरे काम. दर वसंत ऋतूत शिडी घेऊन (पत्र्याला लागणाऱ्या टोकांना जुने टॉवेल बांधून, आणि स्वतः छतावर न चढता) छतावरचे सांधे, हवेच्या झडपा, दिवे, खिडक्यांच्या वरच्या कडा तपासा. तडकलेले जुने सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने काढा, जागा स्वच्छ करा आणि पॉलियुरेथेनचे सीलंट भरा. सिलिकॉन टाळा. ते एकदा लागले की पुढे त्यावर दुसरे काही नीट धरत नाही, आणि व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वाळताना आम्ल सोडते. पत्र्यावर पत्रा चढलेल्या बारीक फटींसाठी पातळ, चंदेरी रंगाचे खास सीलंट मिळते, ते केशाकर्षणाने आत ओढले जाते.

गळती शोधायची युक्ती: एकाने आत टॉर्च घेऊन बसावे, दुसऱ्याने बाहेरून साध्या नळीने हळूहळू पाणी सोडावे, खालून सुरुवात करून वर वर जावे. पाणी जिथे दिसेल तिथेच ते शिरले असेल असे नाही, म्हणून एका वेळी एकच पट्टा.

रिव्हेट ढिला झाला तर अ‍ॅल्युमिनियमचाच घाला. हाताशी आहे म्हणून लोखंडी स्क्रू पिळू नका. दोन वेगळे धातू आणि मधे खारट पाणी म्हणजे छोटी बॅटरीच, आणि त्यात झिजते ते अ‍ॅल्युमिनियम. जिथे पत्रा खालच्या लोखंडी सांगाड्याला टेकतो तिथेही हेच होते. तिथे पांढरी भुकटी दिसली तर दुर्लक्ष करू नका.

हिवाळ्यासाठी बंद शेड मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर निळी ताडपत्री गुंडाळू नका. वाऱ्याने ती पत्र्यावर घासते आणि आत दमटपणा कोंडते. हवा खेळती राहील असे मापाचे आवरण घ्या, किंवा उघडाच ठेवा, पण झाडाखाली नको.

मग उजवी बाजू का सोडली?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्या ट्रेलरच्या उजव्या बाजूवर आमच्या आधीच्या कुणीतरी सँडर चालवला होता. उन्हात तिरके बघितले तर अर्धचंद्रासारखे ओरखडे दिसतात. काही जागी रंग जरा काळपट आहे आणि बोटाला बारीक खड्डे लागतात. तिथली कल्हई गेली आहे. उरलेले ओरखडे काढायचे, म्हणजे आजूबाजूचा शिल्लक थरही त्यांच्या तळापर्यंत खरवडायचा. बाजू एका उन्हाळ्यापुरती चमकली असती आणि नंतर कायमची सडू लागली असती. शिवाय आमच्या चहाच्या दिवशीची ती पांढरी खूणही तिथेच आहे. तिलाही घासून बघितले, निम्मी गेली, आणि मग हात थांबवला. दर महिन्याला धुतो, वर्षातून दोनदा मेण लावतो. निस्तेज आहे, पण शाबूत आहे.

मागच्या गोल भागाचे कारण निराळे आहे. १९५५ साली एअरस्ट्रीमवाल्यांचा एक क्लब सुरू झाला. तो आज एअरस्ट्रीम क्लब इंटरनॅशनल या नावाने चालतो. त्याच्या सभासदांनी आपला क्रमांक मोठ्या लाल आकड्यांत ट्रेलरवर लावायची पद्धत आहे. आमच्या ट्रेलरवरचे आकडे कधीच निघून गेले, पण ते जिथे चिकटवलेले होते तिथला पत्रा ऊनपावसापासून वाचला, त्यामुळे आकड्यांचा ठसा फिकट सावलीसारखा राहिला आहे. सकाळच्या उन्हात स्पष्ट वाचता येतो. कुणीतरी, कधीतरी, या ट्रेलरमधून आपल्या मुलाबाळांना घेऊन हा देश पाहिला. पॉलिशची एक फेरी, की तो आकडा पुसला जाईल. मुलांनीच सांगितले, "तो राहू दे."

तर मंडळी, ज्यांना जुना ट्रेलर घ्यायचा आहे त्यांनी जरूर घ्यावा. पहिले वर्ष फक्त धुवा, गळती बंद करा आणि बघत राहा. चमकवायला पुढे आयुष्य पडले आहे. ज्या कुटुंबाला फोन केला त्यांनी सँडरचे बुकिंग रद्द केल्याचे नुकतेच कळले. येत्या रविवारी त्यांच्याकडे फडक्याची परीक्षा करायला आम्ही जाणार आहोत. ज्यांना बघायचे असेल त्यांनी जुने सुती पंचे घेऊन यावे. चहा त्यांचा, साबण आमचा!